गौरीचा डावा डोळा

मित्रांनो, मला एकही केस नाही, तरी लोक मला ब्रश म्हणतात. मी एक जुना एअरब्रश आहे. वीतभर पितळी देह, पोटात लांब सुई, पाठीवर रंगाची वाटी आणि टोकाला तांदळाच्या कणीएवढं नोझल. कॉम्प्रेसरची हवा आली की माझ्या तोंडून रंगाचं धुकं निघायचं. निघायचं म्हणतोय, कारण आता साधी फुंकरही जात नाही.

कर्वेनगरच्या सुखदेवरावांकडे मी बावीस वर्षं राबलो. भाद्रपद जवळ आला की त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. जिकडेतिकडे गौरींचे शाडूचे मुखवटे, काही नवे, काही जुने, पुन्हा रंगवायला आलेले. चेहऱ्याचा रंग, गालांची लाली, हनुवटीखालची सावली, हे सगळं माझं काम. डोळे मात्र त्यांच्या बायकोचे, शालूबाईंचे. श्वास रोखून त्या पापणीची रेघ एका दमात ओढायच्या. रेघ पुरी झाली की त्या मातीच्या तोंडासमोर खोटं बोलायची छाती होत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा सुखदेवराव!" आणि सुखदेवराव खुशाल मान डोलवायचे. माझं नाव तर कुणी घेतच नसे. असो.

मला धुवायच्याही शालूबाईच. रोज संध्याकाळी सुई काढायची, थिनरने पुसायची, नोझल दोन बोटांनी फिरवून बसवायचं. "बोटांनी बसतं तेवढं बस. पान्याने आवळायचं नाही," असं त्या म्हणायच्या. सुखदेवराव ऐकायचे की नाही, देव जाणे. त्यांचा सगळा जीव चिकटवण्यात. चष्म्याची दांडी, कपाचा कान, चपलेचा अंगठा, जे तुटेल ते झटपट गोंदाने जोडायचं. "फेकायला काय अक्कल लागते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोंद बोटांना चिकटला की थिनरची चिंधी घासायची, तो सुटून यायचा. मित्रांनो, ही चिंधी तेवढी ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षी शालूबाईंनी मालनबाई या गिऱ्हाइकाच्या दोन्ही गौरींचे डोळे काढले. दुसऱ्या सकाळी त्या दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. ते डोळे त्यांच्या हातचे शेवटचे.

यंदा मालनबाई गौरींच्या दोन दिवस आधी, सकाळीच ते मुखवटे पिशवीतून घेऊन आल्या. मंडईत त्यांचा नारळांचा गाळा आहे. बाई बोलायला रोखठोक.

"कपाटात ओल लागली हो. गालांना पोपडे आलेत. तेवढे नवे करून द्या. डोळ्यांना हात लावायचा नाही."

"मी लावीन होय?" सुखदेवराव म्हणाले.

त्या गेल्यावर किती तरी वेळ ते दोन्ही मुखवटे मांडीवर घेऊन बसले होते. मग मला धुवायला घेतलं. नोझल सैल वाटलं म्हणून पान्याने आवळलं. एकदा, दोनदा. कट् झालं. नोझलची मान तुटली आणि आटे आतच राहिले.

त्यांची मुलगी श्रद्धा ऑफिसला निघाली होती. "बाबा, मी नवीन ऑर्डर करते. चार दिवसांत येईल."

"परवा गौरी बसायच्यात. आज संध्याकाळी मालनबाई न्यायला येणार. आणि बावीस वर्षांपूर्वीचं मॉडेल ते, तुझ्या फोनमध्ये मिळणारे होय?"

"मग लाली हाताच्या ब्रशने द्या ना."

"तुझ्या आईच्या डोळ्यांखाली पोतेरं फिरवू?"

श्रद्धाने पर्स उचलली आणि ती गेली.

त्यांनी टाचणीच्या टोकावर गोंदाचा थेंब घेतला आणि माझी मान जोडली. खरं सांगतो, जोड सुरेख बसला होता. तासाभराने वाटीत पाणी घालून त्यांनी मला चालवून पाहिलं. बारीक, सरळ धुकं निघालं. भिंतीवरच्या शालूबाईंच्या फोटोकडे बघून ते म्हणाले, "बघितलंस? म्हणे नवीन आणा!" कित्येक महिन्यांनी माणूस हसला होता. मलाही बरं वाटलं.

मग त्यांनी वाटीत थिनरमध्ये कालवलेला गुलाबी रंग ओतला.

जो गोंद रोज थिनरने सुटतो, तो माझ्या मानेतही थिनरने सुटणार, हे त्यांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. बोटं स्वतः सांगत होती त्यांची. पण त्या दिवशी त्यांना जोड तेवढा दिसला. पहिल्या गौरीची लाली छान झाली. दुसरीच्या उजव्या गालापर्यंत मी तग धरला. आत गोंद मऊ होत होता, मला जाणवत होतं. मला ओरडता येत नाही हो! डाव्या गालावर आलो आणि नोझल निसटलं. गोंदाचा लिबलिबीत गोळा रंगासकट गौरीच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तो तसाच राहू दिला असता तर कदाचित सुकल्यावर काही करता आलं असतं. पण बावीस वर्षांची सवय. त्यांचा हात आपसूक चिंधीकडे गेला आणि एकदाच फिरला.

डोळा गेला. खाली नुसती पांढरी शाडू राहिली.

शालूबाईंचा बारीक ब्रश घेऊन त्यांनी तीनदा डोळा काढला आणि तीनदा दुसऱ्या फडक्याने पुसला. चौथा ठेवला. संध्याकाळी मालनबाई आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "माझ्या हातून पुसला गेला."

मालनबाईंनी मुखवटा उजेडाला धरला. "भलतीकडेच बघतेय ही."

"हो."

"आता दोघींना बसवायचं तर हिला मागे कशी ठेवू?" त्यांनी दोन्ही मुखवटे पदरात गुंडाळले. उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "माझं काही नाही, मी घेईन चालवून. तुमचं कसं व्हायचं, सुखदेवभाऊ?"

सुखदेवरावांनी गोंदाची बाटली खणात टाकली आणि खण लावून घेतला.

गोंद माझ्या पोटात परत घट्ट झाला आहे. सुई अडकली ती कायमची. गोंदाचा खण त्यांनी तेव्हापासून उघडलेला नाही. परवा कपाचा कान तुटला, तर त्यांनी तो कप मुकाट्याने कचऱ्यात टाकला. मित्रांनो, तुटलेलं जरूर जोडा. पण जोडलेली वस्तू ज्या कामाला लावायची, ते काम आधी फुटक्या कौलावर करून बघा. आपल्या माणसाच्या शेवटच्या खुणेवर नको.

मला त्यांनी फेकलं नाही. त्याच चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलं आहे. चिंधीवर गुलाबी डागाशेजारी त्या पुसलेल्या डोळ्याच्या काजळाचा एक फराटा आहे. शालूबाईंच्या हातचं या घरात आता एवढंच उरलंय. मागच्या रविवारी श्रद्धाने धुण्यासाठी जुनी फडकी गोळा करताना हा डबाही उघडला होता, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. माझं काय, मला उद्या भंगारात घाला. ती चिंधी तेवढी कुणी धुवायला टाकू नका.