गॅलरीतलं वावर

वर्ध्याला दुसऱ्या मजल्यावर आम्ही घर घेतलं ते सत्त्याण्णव साली, आणि त्या घरात मला खरी हवी होती ती फक्त गॅलरी. दहा फूट लांब, चार फूट रुंद, पूर्वेचं ऊन. मी देवळीच्या दुकानदाराची लेक. आमच्याकडे तेलाचे रिकामे डबे फेकत नाहीत. त्यातले आठ डबे आणून मी खाली भोकं पाडली आणि सांबार लावला. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर हा शब्द फक्त पुण्याच्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकू येतो. सांबाराशेजारी पुदिना, गवती चहा, एका मोठ्या कुंडीत गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता. शाळेतून शिकवून आलं की मी आधी गॅलरीत जायची आणि मग चपला काढायची. माझी लेक आचल तर तिथे शेळीसारखी चरायची. येता-जाता एक पान तोंडात.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात माझे सासरे तानबाजी, मी त्यांना मामाजी म्हणते, अल्लीपूरहून आमच्याकडे राहायला आले. सासूबाई, अनुसयाबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. मामाजींचे गुडघे गेले होते. शेत त्यांनी पुतण्याला, रूपरावला, मक्त्याने देऊन टाकलं. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण चाळीस वर्षं वावरात घालवलेल्याला दुसऱ्या मजल्यावर आणून बसवलं की काय होतं ते मी पाहिलं. ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघत. जेवायला हाक मारली की येत, बोलावलं नाही तर येत नसत. महिनाभरात दोनदा त्यांनी पिशवी भरली. दोन्ही वेळा योगेंद्रने, माझ्या नवऱ्याने, ती हातातून काढून घेतली.

शेवटी मीच त्यांच्यापुढे गॅलरी ठेवली. म्हटलं, "मामाजी, मले शाळेतून यायला उशीर होते. एवढं तुमी पाह्यसान का?"

त्यांनी गॅलरीवरून नजर फिरवली. "हे तुयं वावर? बैल कुठी फिरवशीन, बाई?" म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवसापासून घरात दुसराच माणूस वावरू लागला. धने पेरायच्या आधी रगडून त्यांचे दोन भाग करावे लागतात. हे काम त्यांनी चपलेखाली केलं आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "धुतली होती, बाप्पा!" डब्यांत त्यांनी दोरी ताणून ओळी धरल्या. मी मूठभर धने फेकून मोकळी व्हायची. त्यांच्या हातचा सांबार शाळेतल्या पोरांसारखा रांगेत उभा राहिला. शेजारच्या बाया मागायला येऊ लागल्या. मामाजी जुडी देताना म्हणत, "येजो उद्या, पुदिना काढून ठेवतो." पिशवी खुंटीला गेली ती गेलीच. मी मनातून फार सुखावले, आणि थोडं श्रेयही लाटलं.

डिसेंबरात चार दिवस आभाळ आलं आणि सांबारावर मावा पडला. पानांच्या खाली बारीक काळे-हिरवे किडे. मामाजी दिवसभर बोटांनी पुसत बसले, पण मावा का पुसून जातो? मग "रूपरावले भेटून येतो" म्हणून ते अल्लीपूरला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मला वाटलं, गाव आठवलं असेल.

त्यानंतरच्या मंगळवारी मी शाळेतून आले तर जिन्यातच नाकाला झोंबलं. तो वास मी ओळखते. पावसाळ्यात देवळीच्या रस्त्याने एसटी जाते, दोन्हीकडे कपाशीवर फवारे चालू असतात, तेव्हा खिडकीतून येतो तोच. मी धावतच वर गेले. मामाजी गॅलरीत उभे, तोंडाला शेला बांधलेला, हातात माझी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली. आणि दाराजवळ सहा वर्षांची आचल, हातात पुदिन्याची काडी, ओठांपर्यंत पोचलेली.

मी तिच्या हातावर असा फटका मारला की काडी न्हाणीपर्यंत उडाली. तोंड धुतलं, आतून बोट फिरवलं, पोरगी रडत होती, मी तिला तशीच उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. काही झालं नव्हतं. पान तोंडात गेलंच नव्हतं.

घरी आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता, पण जीभ काही थांबेना. "मामाजी, तुमी माह्या पोरीले मारलं असतं! विष हाय ते! चाळीस वर्षं फवारलं तुमी, तुमाले मालूम नाई?"

ते खुर्चीच्या काठावर बसले होते. म्हणाले, "मालूम हाय. फवारल्यावर ढोरं नाई सोडत वावरात. पण कपाशी कोन खाते, बाई? आमी मावा पाह्यला का दवाई मारतो. हात आपोआप चालते."

"आन घरचा भाजीपाला?"

"तो बांधावर तुयी सासू लावे. तिनं मले तिकडं पंप घेऊन कधी येऊच नाई देल्लं. काऊन नाई देत, मी कधी इचारलंच नाई."

रागाच्या भरातही मला ते ऐकू आलं. चाळीस वर्षं या माणसाने जे फवारलं ते कधी कुणाच्या ताटात पडलं नव्हतं, आणि जे ताटात पडलं ते त्याच्या बायकोने त्याच्यापासून राखलं होतं. पण ऐकू येणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. मी म्हटलं, "उद्यापासून गॅलरीत पाय नका ठेवू."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते जिन्यात भेटले. त्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून, एकेक डबा खाली नेत होते. आठही डब्यांतली आणि कुंडीतली माती त्यांनी लांब खड्ड्यात पुरली होती, रोपं मुळासकट, माझा चार वर्षांचा गोडनिंबसुद्धा. शेवटचा रिकामा डबा हातात होता. म्हणाले, "हेबी फेकतो. मंग जातो मी अल्लीपूरले. तुमाले घोर नको."

तिथे कुलूपबंद घर होतं. पाणी शेंदायला माणूस नव्हता. ते गेले असते तर तिथे भिंतीकडे बघत किती दिवस काढले असते, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. मी डबा हातातून घेतला. "नवे डबे आनते. मागच्या कडुनिंबाखालची माती घ्या. पेरा पुन्हा."

हा माझा मोठेपणा वाटेल. पण पुढचंही सांगायलाच हवं.

जानेवारीत सांबार पुन्हा उगवला. डबे नवे, माती नवी, आणि मामाजींनी मावा पडला तेव्हा फक्त राख टाकली, चुलीची, शेजारणीकडून मागून आणलेली. सगळं मला माहीत होतं. तरी रोज संध्याकाळी ते टोपलीत जुडी ठेवत, तेव्हा माझा हात तिच्याकडे वळत नसे. मन मानत नव्हतं. मी बाजारातून सांबार आणायची, पर्समध्ये लपवून, आणि तोच भाजीत घालायची. मामाजींची जुडी सकाळी शाळेत जाताना वळणावरच्या गाईला. गाईच्या जिवाचा विचार तेव्हा मनात आला नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. आचलला मी बजावलं होतं, गॅलरीतलं काही तोंडात घालायचं नाही. मामाजी जेवताना म्हणत, "सांबार चांगला लागते ना?" मी म्हणायची, "हो, मामाजी." दोन महिने मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले.

मार्चमधल्या एका रविवारी आचल माझ्याजवळ कणीक मळायला बसली आणि सहज बोलली, "आई, आबाजी रोज सकाळी पहिले स्वतःच खातेत."

"काय खातेत?"

"पानं. सांबाराची, पुदिन्याची, सगळ्या डब्यांतली. मंग मी शाळेतून आली का मले इचारतेत, माहे डोळे कसे दिसून राह्यले, पाह्य. विष लागलं का बाहुली बारीक होते म्हणतेत. मले म्हणतेत, मी संध्याकाळपर्यंत जिता राह्यलो का मंगच आईसाठी तोडतो."

माझे हात कणकेत तसेच राहिले. दोन महिने. रोज. मी रोज सकाळी टोपलीतून उचलत होते ती जुडी नुसती जुडी नव्हती, त्या म्हाताऱ्याने आपला दिवस त्यावर लावला होता, आणि मी ती गाईला घालत होते. मला रडू आलं. लपवलंही नाही.

हात न धुताच गॅलरीत गेले. मामाजी डब्यांना पाणी घालत होते. मी म्हटलं, "मामाजी, मी तुमचा सांबार एक दिवसही नाई वापरला. गाईले दिला. बाजारातला आनत होती."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मालूम हाय मले."

"कसं?"

"ते गाय आता वळणावर नाई थांबत, बाई. सकाळी फाटकाशी येऊन उभी राह्यते. वरून दिसते मले." मग थोडं हसले. "मी म्हटलं, चाला, तेही जितीच हाय. खाऊन पाह्यनारे एकाचे दोन झालो."

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? पोरगी तुयी. भेव तुयं खरं होतं. तुया जागी तुयी सासू असती तं तिनं मले घरात नसतं ठेवलं."

मी सांबाराच्या डब्याकडे हात नेला. त्यांनी घाईने माझं मनगट धरलं. सासऱ्याने सुनेचा हात धरण्याची आमच्याकडे रीत नाही, पण त्यांना भान नव्हतं. "थांब! आज म्या खाल्लं नाई अजून. सांजपर्यंत थांब."

मी मनगट सोडवलं, काडी खुडली आणि त्यांच्यादेखत चावून गिळली. मग दुसरी खुडून आचलला हाक मारली.