विकायला काढलेली कप्पी

मित्रांनो, विहिरीतली बिघडलेली मोटार वर कशी काढतात ते तुम्ही पाहिलं आहे का? काठावर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करतात, तिच्या मधोमध साखळीची कप्पी टांगतात आणि दोन माणसं साखळी ओढत राहतात. ती कप्पी म्हणजे मी. मी जुनी आहे, जड आहे, अंगावरचा रंग केव्हाच उडाला आहे. पण हे सांगताना मला फार हलकं वाटतं आहे. का, ते ऐका.

माझा जन्म पुण्याकडच्या एका लहान कारखान्यात झाला. माझा आकडा तापवून, ठोकून वळवला. पोटात दातेरी चाकं बसवली आणि त्यांच्या जोडीला ब्रेक. साखळी ओढणारा थांबला की हा ब्रेक भार जागच्या जागी धरून ठेवतो. तोच आमचा जीव. मी दोन टन पेलणारी, पण बाहेर पाठवण्याआधी माझ्यावर त्याहून जास्त वजन लटकवून ठेवलं होतं. माझ्या शेजारच्या कप्पीचा भार जरासा सरकला, तर तपासणाऱ्या माणसानं काही न बोलता तिला खाली उतरवलं आणि पुन्हा खोलायला पाठवलं. मला तेव्हा तो माणूस फार कठोर वाटला होता.

१९९१ साली बोरी बुद्रुकच्या धर्माजीआण्णांनी मला घरी आणलं. त्या वर्षांत गावात विहिरी वाढत होत्या, विहिरींवर मोटारी बसत होत्या आणि बसल्या तशा बिघडतही होत्या. माझी साखळी काही विहिरीच्या तळापर्यंत पोचत नाही. म्हणून मोटार आणि तिला जोडलेले लांब पाइप टप्प्याटप्प्यानं वर घ्यायचे. थोडं उचललं की पाइपाला काठावर क्लॅम्प लावून तो अडकवायचा, मला सैल करून खाली सोडायचं, पुन्हा पकडायचं, पुन्हा उचलायचं. चिकाटीचं काम. आण्णांना त्याची घाई कधीच नसायची. भार जागेवरून वीतभर उचलून ते थांबत, तंबाखू मळत, ब्रेक धरतोय याची खात्री करत आणि मगच पुढची साखळी ओढायला सांगत. काम संपलं की तेलाच्या फडक्यानं माझी कडी न् कडी पुसत.

मी बोरीतल्या किती विहिरींवर गेले याचा हिशोब मी ठेवला नाही. बैलगाडीतून गेले, ट्रॅक्टरमधून गेले, एकदा तर एका लग्नघरी टेम्पोतल्या भांड्यांबरोबर गेले, कारण त्यांची मोटार नेमकी हळदीच्या दिवशी बंद पडली होती. आण्णा मला कुणालाही देत, फक्त एकटीला पाठवत नसत. स्वतः बरोबर येत. लोक म्हणत, "आण्णांची कप्पी असली म्हंजी खाली उतराया भ्या वाटत न्हाई." मित्रांनो, असं बोलणं ऐकलं की लोखंडालाही बरं वाटतं.

पुढे आण्णा गेले. त्यांच्या पत्नी ठकूबाई आणि मुलगा अमृत मागे राहिले. अमृतला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. तो रविवारी घरी यायचा, त्याच्या अंगात विहिरींवर फिरायची ताकद उरत नसे. मी शेडमध्ये तुळईला टांगलेली राहिले. सुरुवातीला लोक मागायला येत. अमृत मला एकटीला पाठवायला कचरे. काही बरं-वाईट झालं तर जबाबदारी कोणाची, म्हणायचा. मग लोक यायचे बंद झाले. त्यांना आता माझी गरजही नव्हती. आठवड्याच्या बाजारात चकचकीत रंगाच्या, हलक्याफुलक्या कप्प्या मिळायला लागल्या होत्या. एका हातानं उचलून पिशवीत टाकाव्यात अशा. बाजारात त्या आल्या आणि माझ्यासारख्या जुन्या कप्प्या एकेक करून भंगारात गेल्या.

अमृतला शेडमध्ये कांदा साठवायचा होता. २००९च्या सुरुवातीला त्यानं जागेवरच, मागच्या निळ्या पिंपासकट माझा फोटो काढला आणि नारायणगावच्या नेट कॅफेत जाऊन जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर टाकला. ठकूबाई एवढंच म्हणाल्या, "इकायची तर इक. पर घेणारा माणूस वापरणारा हाय का, तेवढं इचार."

मला वाटलं, माझ्यासारखीला शोधणारं कोणीतरी नक्की असेल. पण दर आठवड्याला अमृत परत येऊन आईला जे सांगायचा, ते ऐकून माझी आशा मावळत गेली. पहिल्या दिवशी माझा फोटो सगळ्यात वर होता. मग त्याच्यावर दुसऱ्या कप्प्या येऊन बसल्या, त्यांच्यावर आणखी. विकणाऱ्यांची नावं निरनिराळी, पण माल एकच. सगळ्या नव्या, हलक्या, वरून मळकट रंग मारून जुन्या केलेल्या. खाली लिहिलेलं असायचं, 'जुनी, भारी, कंपनीची'. किंमत माझ्याहून कमी. मी कुठल्या कुठे खाली ढकलली गेले, तिथपर्यंत पानं उलटत जाणारा कोण असतो? एकच फोन आला. त्या माणसानं माझं वजन विचारलं आणि भंगाराचा भाव सांगितला. अमृतनं नाही म्हटलं, पण पुढचा रविवार येईपर्यंत त्याचं मनही त्या भावाकडे झुकायला लागलं होतं.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातल्या भरतनं नवी कप्पी आणली. भरत म्हणजे आण्णांच्या हाताखाली साखळी ओढायला शिकलेला माणूस. त्याच्या विहिरीतली मोटार जळाली होती. अमृतनं मला विकायला काढलंय हे कळल्यावर, विकायची वस्तू फुकट कशी मागायची म्हणून तो आला नाही, त्यानंही नेटवरूनच एक मागवली. ती खोक्यातून घरपोच आली. तिच्यावरही 'दोन टन' असं ठळक उमटवलेलं होतं.

मोटार काढायला भरतनं रामदासला बोलावलं. रामदास घोडेगावच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. भाताची कामं आटोपली की तो आणि त्याची बायको साधना इकडे विहिरींच्या कामावर यायची. आण्णांच्या काळापासून तो माझ्या ओळखीचा होता.

तो रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर भरत धापा टाकत शेडच्या दारात आला. त्याच्या तुटक बोलण्यातून मला जे कळलं ते असं. पाइप निम्म्याहून वर आले होते. तळाची मोटार खडकाला अडकत होती, म्हणून रामदास आतल्या कपारीवर उभा राहून ती हातानं बाजूला ढकलत होता. वर क्लॅम्प आवळायच्या आतच नव्या कप्पीचा ब्रेक सरकला. सगळा भार खाली आला, क्लॅम्प विहिरीत पडला आणि भार मधेच हिसका बसून थांबला. मोटारीनं रामदासचा पाय कपारीशी दाबून धरला होता. नव्या कप्पीच्या पोटात साखळी अडकून बसल्यामुळे भार तेवढा तरी टांगून राहिला होता, पण तिचा आकडा डोळ्यांदेखत उघडत चालला होता. आणि कालव्याला पाणी सुटलेलं असल्यामुळे विहिरीचे झरे जोरात होते. पाणी रामदासच्या छातीपर्यंत चढलं होतं.

अमृत तसाच उठला. त्यानं मला तुळईवरून उतरवलं. भरत मला धरायला पुढे आला आणि एकदम थबकला. तो माझ्याकडे बघत होता, मागच्या निळ्या पिंपाकडे बघत होता, तुळईकडे बघत होता.

"अमृत," तो म्हणाला, "मी नेटवर जो फोटू बघून कप्पी घेतली, तो हाच व्हता. हेच पिंप व्हतं मागं. मला वाटलं, आण्णांच्या कप्पीसारखीच दिसती, म्हणून तर घेतली."

मित्रांनो, कोणीतरी माझा फोटो उचलून आपल्या मालावर लावला होता. माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून भरतनं पैसे दिले आणि खोक्यातून दुसरंच काही आलं. मला जी लाज वाटली ती कोणत्या शब्दांत सांगू? दोष माझा नव्हता, पण त्या विहिरीत उभा असलेला माणूस माझ्या नावावर उतरला होता.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून मी विहिरीवर पोचले. रामदासच्या काखेखालून बांधलेला दोर साधनाकडे होता. तिनं तो काठावरच्या आंब्याला एक वेढा देऊन दोन्ही हातांनी धरला होता. ती रडत नव्हती. ती फक्त माझ्याकडे आणि मग अमृतकडे बघत राहिली. मागोमाग ठकूबाई बांधावरून चालत आल्या.

विहिरीतून रामदासचा आवाज आला. "भाऊ, मला हितनं काय दिसत न्हाई. वर काय चाललंय त्ये सांगत ऱ्हावा."

अमृत आणि भरतचे हात कामात गुंतले होते. मग ठकूबाई काठाच्या दगडावर बसल्या, आत वाकल्या आणि सांगायला लागल्या. अमृत घोडीवर चढलाय. आता कप्पी टांगली. आता पाइपाला साखळदंड गुंडाळतोय. शेतातला कामाचा क्रम सांगावा तशा शांतपणे त्या सांगत होत्या.

"कंची कप्पी, काकू?" खालून प्रश्न आला.

"आण्णांची."

मग रामदास म्हणाला, "मंग ठीक हाय."

माझ्या आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं. पण या तीन शब्दांनी मला घाबरवलं. कारण मला स्वतःचीच खात्री नव्हती. कितीतरी वर्षांत माझ्यावर तेलाचा थेंब पडला नव्हता. अमृतनं साखळी ओढली आणि मी हललेच नाही. गंजानं मला धरून ठेवलं होतं. भरतनं इंजिनातलं ऑइल आणून माझ्यावर ओतलं. अमृतनं पुन्हा जोर लावला. पुन्हा काही नाही. नव्या कप्पीचा आकडा आणखी थोडा उघडला. ठकूबाई खाली सांगत होत्या, "गंजलीय जरा. तेल घातलंय. सुटंल."

तिसऱ्यांदा दोघांनी मिळून साखळी ओढली आणि माझ्या पोटात काहीतरी कटकन मोकळं झालं. चाकं फिरायला लागली. टक, टक, टक. हळूहळू पाइपांचा भार नव्या कप्पीवरून माझ्यावर आला. आकड्यापासून शेवटच्या कडीपर्यंत मी ताणली गेले. अमृतनं साखळी सोडून दिली, हात वर केले आणि थांबला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. माझा ब्रेक जागचा हलला नाही. तेव्हा मला तो कारखान्यातला तपासणारा माणूस आठवला. तो कठोर नव्हता, मित्रांनो. त्याला ही विहीर दिसत होती.

"धरलंय," ठकूबाई म्हणाल्या. "आता उचलत्यात."

बोटभर, मग आणखी बोटभर. पाइप वर सरकले, मोटार कपारीपासून सुटली आणि रामदासनं पाय बाहेर ओढला. साधनानं दोर ताणला, भरत दोराकडे धावला आणि अमृत मला तसंच धरून उभा राहिला. रामदास पायऱ्यांवरून एका पायानं, दोराच्या आधारानं वर आला. काठावर आल्यावर तो साधनाच्या बाजूला जमिनीवर बसला आणि पाणी मागितलं. माझ्यावरचा भार मात्र अजून तसाच होता, आणि तो मला जरासुद्धा जड वाटत नव्हता.

रामदासच्या पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर, पाऊस लागायच्या आत, तो साधनाबरोबर घोडेगावच्या एसटीनं घरी गेला. अमृतनं नेट कॅफेत जाऊन माझी जाहिरात काढून टाकली. माझा फोटो चोरल्याची तक्रारही लिहिली. त्या विकणाऱ्याची जाहिरात काही दिवसांनी गायब झाली, तशाच बाकीच्या अजून आहेत म्हणे. सगळ्यांना कोण पुरं पडणार?

भरतच्या नव्या कप्पीला मात्र गिऱ्हाईक चालून आलं होतं. पलीकडच्या गावातला एकजण म्हणाला, आकडा बदलून घेतो, निम्म्या पैशात दे. भरतनं नको म्हटलं. "मी फसलो त्ये फसलो. ती मी दुसऱ्याच्या हिरीवर जाऊ देनार न्हाई," असं म्हणून त्यानं तिचे तुकडे करून घेतले आणि मगच ते भंगारात घातले. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं, ते आण्णांना कळायला हवं होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, फोटो बघून वस्तू घ्याल. खुशाल घ्या. पण जिच्यावर कुणाचा जीव टांगायचा आहे, ती आधी हातात घेऊन बघा, तिनं काम केलेलं कुणी पाहिलंय ते विचारा. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी, चांगली वस्तू धूळ खात पडली असेल, तर तिला विसरू नका. थोडं तेल, थोडं फडकं, अधूनमधून काम, एवढंच तिला पुरतं.

आता मात्र गप्पा पुरे करते. आंबेगाव तालुक्यात, लोणीला एका विहिरीत मोटार गाळात रुतली आहे. बाहेर टेम्पो उभा आहे, अमृत माझ्याबरोबर येतो आहे आणि मला उशीर होतो आहे.