डाव्या चाकाचे पाच नट

माझ्या नाकावर कायम राग असतो. घरचे म्हणतात, गॅरेजमध्ये येणारे गाडीवालेही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. काम चोख असलं की बोलणं थोडं तिखट चालतं, असं मी धरून चाललो होतो.

धाकटी बहीण महिनाभर एकच सांगत होती. "दादा, घाटात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं." मी गाडी जवळच्या जवळ, चाळीसच्या वेगाने फिरवून आणली. "काही झालेलं नाही. तुझेच हात थरथरतात. भित्री कुठली." दुसऱ्यांदा आली तेव्हा चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं आणि वर दोन शब्द सुनावले. तरी बाई तिसऱ्यांदा हजर, सोबत तिची चार वर्षांची ठमी.

म्हटलं, चल, एकदाचा तुकडाच पाडू. मोठ्या रस्त्यावर गाडी ऐंशीला नेली. स्टिअरिंग गपगार. आणि ब्रेकवर पाय ठेवला मात्र, अख्खं स्टिअरिंग माझ्या हातात खडखडायला लागलं. नुसतं धावताना नाही, फक्त ब्रेक लावताना. म्हणजे खोट चाकात नाही, ब्रेकच्या डिस्कमध्ये. नवशिक्यालाही कळावं असं, आणि मला महिना लागला.

पुढची चाकं उतरवून डिस्क मोजल्या. दोन्ही केसभर वाकड्या. का, तेही कळलं. मागे टायर बदलताना मीच एअर गनने नट वाटेल तसे करकचून आवळले होते, कुठे जास्त, कुठे कमी. हे तिला सांगितलं का? छे. तेवढा मोठेपणा अंगात असता तर काय हवं होतं. गुपचूप नव्या डिस्क टाकल्या, आतला गंज घासून काढला आणि ठरवलं, या खेपेला गन नको. नट बोटांनी बसवायचे, गाडी खाली घ्यायची आणि मग मापाच्या लांब पान्याने एकेक घट्ट करायचा.

उजवं चाक झालं. तेवढ्यात ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आता नक्की ठीक आहे ना? ठमीला घेऊन घाट उतरायचाय. आई वाट बघतेय."

माझं डोकंच फिरलं. चूक माझी होती म्हणून जरा जास्तच फिरलं. पाना तिथेच फेकला. "हे बघ, गाडी आता नवीकोरी झालीय. यापुढे थरथरलं तर ते तुझ्या डोक्यात थरथरतंय असं समज आणि गुमान पुढे जा." किल्ली तिच्या हातात आपटली. गाडी एकदा फिरवून बघायची, तेही केलं नाही. तिने ठमीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गेली.

मी हात धुतले, पुटपुटत चहा प्यायलो, मग आवरायला घेतलं. लांब पाना खुंटीवर नव्हता. तो गाडी उभी होती तिथे, उजव्या अंगाला पडला होता. उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. तो घेऊन मी डाव्या बाजूला गेलोच नव्हतो.

पाच नट, नुसते बोटांनी फिरवलेले. गाडी धावेल तसे ते सैल होणार. आधी स्टिअरिंग थरथरणार. कुणीही शहाणा माणूस तिथेच थांबेल. पण तिला मी काय सांगून पाठवलं होतं? गुमान पुढे जा.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही मीच डाफरून डाफरून तिच्या अंगवळणी पाडलेलं. सात वेळा लावला. मग पाना स्कूटरवर टाकला आणि सुटलो.

घाटाचा चढ लागल्यापासून प्रत्येक वळणावर आधी कठडा बघायचो, कुठे तुटलाय का, मग रस्ता. एका ठिकाणी डांबरावर काहीतरी चमकलं. नट समजून ब्रेक दाबला, तर बाटलीचं बूच. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. आईला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळायला लागली, तेव्हा मी स्वतःला मोठ्याने शिवी घातली.

चढ संपून उतार सुरू होतो तिथे गाड्या थांबायला मोकळी जागा आहे. तिची गाडी तिथे होती. इंजिन चालू, इंडिकेटर लुकलुकत होता आणि चाकं फिरायला लागली होती. मी स्कूटर सरळ आडवी घातली.

तिने काच खाली केली. डोळे रडून लाल. "रागावू नकोस, दादा. गाडी परत थरथरतेय. आता तर ब्रेक न लावताही. वाटलं, परत फिरावं. मग वाटलं, तू हसशील. पंधरा मिनिटं इथे बसून मनाची तयारी केली. आता निघालेच होते."

तिला इंजिन बंद करायला लावलं, डाव्या चाकाशी बसलो आणि त्यावरचं कव्हर ओढलं. दोन नट सुटून माझ्या तळव्यावर पडले. उरलेले तीन बोटाने गरागरा फिरत होते.

ती शेजारी येऊन उभी राहिली. "माझा भासच ना?"

हो म्हटलं असतं तरी खपलं असतं. "नाही," मी म्हणालो. "मी हे घट्टच केले नव्हते. आधीच्या डिस्कही मीच वाकवल्या. तू महिनाभर खरं सांगत होतीस."

वाटलं, आता ही कानफटात देणार. मला ते चाललं असतं. तिने मागचं दार उघडलं, झोपलेल्या ठमीला खांद्यावर घेतलं आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभी राहिली. गाडीपासून लांब, माझ्यापासूनही लांब.

जॅक लावून चाक नीट बसवलं, खाली घेतलं. पाचही नट आवळले. मग उजवीकडचे पुन्हा. मग मागची दोन्ही चाकं, ज्यांना आज हातही लावला नव्हता.

"झालं," मी म्हणालो. "बस आता. मी चालवतो."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "आम्ही बसने येतो."

"अगं, आता खरंच ठीक आहे."

तिने ठमीचं डोकं नुसतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

स्कूटर तिथेच ठेवून मी तिची गाडी घेऊन एकटाच घाट उतरलो. वळणावळणावर ब्रेक दाबत होतो, गरज नव्हती तिथेही. स्टिअरिंग एकदाही थरथरलं नाही. पण गाडीत ते बघायला कुणी नव्हतं.