सिस्टर बॅग्लीने मागितलेलं सामान

मित्रांनो, तुमच्या घरी घरघंटी असेल, तर मी कोण हे वेगळं सांगायला नको. मी त्याच जातीची, फक्त जन्माने अमेरिकेतली, युटातली. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पोटात एकमेकींवर घासणाऱ्या दोन दगडी तळ्या आणि खाली एक तापट मोटर. आज तळघरात गव्हाच्या बादल्यांशेजारी पडून आहे. इथे मला चैन पडत नाही. वर कोणाची पावलं वाजली की वाटतं, कोण असेल, जेवली असतील का सगळी, भांडली तर नसतील ना. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

मॅन्टाय नावाच्या या गावात टेकडीवर पांढरं मंदिर आहे आणि खाली आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती लोक. आमच्याकडे चहा-कॉफी वर्ज्य, पोरं भरपूर आणि तळघरात वर्षभराच्या गव्हाची बेगमी. उद्या काय वेळ येईल ते सांगता येत नाही, म्हणून साठवायचं. सासूने नव्या सुनेला दागिन्याऐवजी जातं द्यावं, यात इथे कोणाला नवल वाटत नाही. लमाँट थोरपच्या आईने मला अशीच आणली आणि सून जनीलच्या ओट्यावर ठेवली. जनील तेव्हा कोवळी पोर होती. पहिल्या दिवशी मला सुरू केलं आणि माझा आवाज ऐकून दोन पावलं मागे सरली.

माझा आवाज म्हणजे काय विचारता. मी सुरू झाले की शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत नाही. पण त्यामुळे एक गंमत झाली. या घरात जे एरवी बोलायचं नाही, ते मी दळत असताना बोलायची चाल पडली. लमाँट टर्की कोंबड्यांच्या गाड्या हाकतो आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन माझ्याशेजारी उभा राहून बोलायचा. पोरं शाळेतल्या कागाळ्या करायची. जनील देवाशी भांडायची. मी सगळं पोटात ठेवलं आणि पीठ तेवढं बाहेर दिलं.

पुढे जनीलने फोनवर आपलं पान सुरू केलं. नाव ठेवलं ‘पाव, पोरं आणि प्रार्थना’. त्यात पावाच्या कृती, गोधड्यांचे तुकडे, सोमवारच्या कौटुंबिक प्रार्थनेत धाकट्यांनी केलेला दंगा, सगळं असायचं. हजारो बायका ते बघायच्या. मी तर भलतीच प्रसिद्ध झाले. ‘ती लाकडी चक्की कुठे मिळते?’ असं रोज कोणीतरी विचारायचं. मात्र चित्रफितीत माझा आवाज काढून टाकून तिथे पियानो वाजवायचे. माझा चेहरा सगळ्यांना हवा होता, आवाज कोणालाच नको होता. तेव्हा त्याचा मला राग यायचा.

थोरली मुलगी मारेन एकोणीस वर्षांची झाली आणि तिने मिशनसाठी नाव दिलं. मिशन म्हणजे दीड वर्ष घर सोडून परक्या गावी दारोदार धर्म सांगत फिरायचं. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, आणि तो निरोप सगळ्या गोतावळ्यासमोर उघडण्याची इथे रीत आहे. जनीलने तो क्षण थेट दाखवला. मारेनने वाचलं, “तैवान, ताइनान.” घर दणाणलं. अनोळखी बायका पडद्यावर रडत होत्या, तिच्यासाठी उपास धरू म्हणत होत्या. ती निघाली त्या दिवशी जनीलचा चेहरा बघायला हवा होता. पोरीने आईचे पांग फेडले असं तिला वाटत होतं.

आणि जानेवारीत मारेन परत आली. परक्या दाराची बेल वाजवली की तिचा श्वास अडकायचा, हातपाय थंड पडायचे. तिथल्या डॉक्टरांनीच घरी जा म्हणून सांगितलं. त्यात तिचा दोष नव्हता, आणि तसं आमच्या चर्चचे प्रमुख, बिशपही येऊन बोलून गेले. पण आमच्याकडे अर्ध्यातून परतलेल्या मिशनऱ्याकडे लोक फार प्रेमाने बघतात, आणि ते प्रेम अंगावर येतं. चर्चच्या बायका चीज घातलेल्या बटाट्याची ताटं घेऊन आल्या. असली ताटं इथे मयताच्या घरी नेतात.

जनीलने पानावर काही लिहिलं नाही. थोडे दिवस जाऊ देत, म्हणाली. मग सोमवार आला, एरवी मारेनचं पत्र पानावर टाकायचा वार; बायका तिची खुशाली विचारू लागल्या, आणि जनीलने एक जुना फोटो टाकला. मारेन सायकलवर, हसतेय. खाली लिहिलं, ‘आमची मारेन पावसातही खूश आहे.’ पुढच्या सोमवारी दुसरा टाकला. बाई वाईट नव्हती हो. घाबरली होती. तिच्या शब्दावर कितीतरी आयांनी आपली पोरं मिशनला धाडली होती, त्यांना आता काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

यातला कहर पुढेच आहे. गावाला तर सगळं ठाऊक होतं. तरीही गावातल्या बायका त्या फोटोंखाली लाल बदाम टाकत होत्या आणि ‘किती छान काम करतेय पोर’ असं लिहीत होत्या. जनीलला वाईट वाटू नये म्हणून. सभ्यपणाचा असा अतिरेक मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आणि मारेन मात्र तळघरातल्या खोलीत. ती अंगणात आली आणि कोणी फोटो काढला तर? म्हणून पुढचं दार बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले. जेवायला ती मागच्या जिन्याने वर यायची. एकदा ताटावर बसताना तिने आईला विचारलं, “तुझी ती तैवानची मारेन बरी आहे ना? जेवते ना वेळेवर?”

एप्रिलमध्ये चर्चची मोठी परिषद असते. शनिवारी घरोघरी दालचिनीचे रोल करतात आणि पडद्यासमोर बसून प्रवचनं ऐकतात. जनीलने ठरवलं होतं की या वेळी दळण्यापासून सगळं थेट दाखवायचं. तिने फोन माझ्यासमोर उभा केला, हसली, सगळ्यांना नमस्कार केला, वीस वर्षं साठवलेला गहू माझ्या तोंडात ओतला आणि बटण दाबलं. निवडायला ती विसरली.

मारेन जिना चढून वर आली आणि फ्रीजला टेकून उभी राहिली. फोनच्या नजरेत ती येत नव्हती. नेहमीसारखंच चित्रण असेल, नंतर आवाज काढतील, असं तिला वाटलं. आणि मी तर दळत होतेच. ती माझ्या आवाजाच्याही वर ओरडून बोलू लागली, सोमवारचा फोटो पाहिला म्हणाली, सायकलवरच्या त्या पोरीचा मला हेवा वाटतो म्हणाली. जनील मान हलवून तिला गप्प राहा म्हणत होती, पण मारेन तिच्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात गव्हातला खडा माझ्या तळ्यांमध्ये गेला. काहीतरी फुटलं, मोटर जळल्याचा वास आला आणि मी थांबले. मारेनचं शेवटचं वाक्य त्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं.

“मी घरी आहे, आई. मी इथेच आहे.”

पडद्यावर भराभर प्रश्न उमटू लागले. कोण बोललं? मारेन का? जनीलचे हात पिठात होते. ती हसली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, ते हसू तिचं नव्हतं.

“छे, ही शेजारची मुलगी,” ती म्हणाली. “मदतीला आलीय.”

मारेन पुढच्या दाराकडे गेली, कडी काढली आणि भर उजेडात बाहेर पडली. जनील मात्र बोलतच राहिली. गहू कसा निवडावा, जुनी चक्की कशी साफ करावी, असं काहीबाही. सुरी माझ्या पोटात खुपसत होती. मला वाटत होतं, बाई, माझं जाऊ दे, दाराकडे बघ. पण माझा आवाज आता खरोखरच गेला होता.

मग पुढच्या दारातून सिस्टर बॅग्ली आत आली. सिस्टर म्हणजे नर्स नव्हे, आमच्याकडे चर्चमधल्या सगळ्याच बायकांना तसं म्हणतात; ही शेजारची म्हातारी, एकटी राहणारी, मूलबाळ नसलेली. तिने एका हाताने मारेनचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या बगलेत तिचा टॅब होता. त्यावर अजून जनीलच दिसत होती. म्हातारीही दर सोमवारी बदाम टाकणाऱ्यांतलीच. ती फोनसमोर येऊन उभी राहिली.

“जनील, शेजारी तर मीच राहते,” ती शांतपणे म्हणाली. “मुलगी माझी असेल, तर तिचं सामान दे. मी घेऊन जाते.”

“सिस्टर बॅग्ली, फोन चालू आहे,” जनील पुटपुटली.

“माहीत आहे. म्हणूनच आले. घरात चष्मा शोधत बसले, नाहीतर आधीच आले असते. सामान कुठंय?”

जनीलने फोनकडे पाहिलं, मग मारेनकडे. मारेन जमिनीकडे बघत होती. मग जनील ओट्यामागून पुढे झाली, पिठाच्या हातांनीच तिने पोरीचा दंड धरला आणि म्हणाली, “नाही. ही माझी आहे. मारेन आहे ही. जानेवारीपासून घरी आहे, आणि तिला लपवलं ते मी.”

शेवटचं वाक्य बोलताना तिने पडद्याकडे पाहिलं नाही. त्यावर पुढे काय काय उमटलं ते मलाही वाचता आलं नाही, कारण म्हातारीने फोन पालथा घातला होता.

मित्रांनो, त्यानंतर सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. मला तळघरात आणलं. लमाँट एकदा पाना घेऊन आला होता, नव्या तळ्या मिळतात का बघतो म्हणाला. वर कधी आवाज चढतात, कधी फार शांत असतं, आणि मी इथे तळमळत पडते. म्हणून एवढंच मागते. धान्य निवडून दळा, आमच्यासारख्या जुन्या जात्यांची काळजी घ्या. आणि तुमच्या घरी कोणी अर्ध्या वाटेवरून परत आलं असेल, तर त्याला नाव घेऊन, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जेवायला हाक मारा.