‘सुटत नाही’ म्हणणारे फंक्शन

मित्रांनो, मला हात लावून पाहता येणार नाही. मी एक जुने फंक्शन आहे, म्हणजे संगणकाला दिलेली एक तयार आज्ञा. शास्त्रज्ञांच्या संगणकात अशा आज्ञांचा मोठा संग्रह असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तिथे समीकरणे सोडवणे हा माझा धंदा. आकड्यांचा तक्ता द्या, उत्तर घ्या.

मला गणिताच्या एका मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिले. तरुणपणी मी एका दमात लाखभर समीकरणे सोडवून वर संगणकाच्या पंख्याचे फेरे मोजत असे. खोटे वाटत असेल तर पंख्याला विचारा! माझी खोड एकच. तक्ता आधी तपासायचा, आणि त्यातून एकच एक उत्तर निघणार नसेल तर साफ सांगायचे, “सुटत नाही.”

पुढे एक नवे, चपळ फंक्शन आले. ते तपासणीत वेळ घालवत नसे. सगळे तिकडे वळले. वर्षवर्ष मला कुणी हाक मारीना. शेजारच्या वर्गमूळवाल्याला कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. बोलणार कुणाशी?

एकदा एका इंजिनिअरबाईंनी पादचारी पुलाचे उत्तर पडताळायला मला बोलावले. नव्या फंक्शनने ते केव्हाच दिले होते. मी म्हणाले, “सुटत नाही.” बाईंनी तक्रार केली, जुने बिघडले आहे, काढून टाका.

लायब्ररी आता मास्तरांची पुतणी सांभाळते. तिने फोन लावला. “काका, तुमचं कार्टं पुन्हा अडून बसलंय. आज काढतेच त्याला.”

“काढ की. पण आधी बाईंचा तक्ता बघ. ते उगाच अडत नाही.”

“झालं तुमचं पोराचं कौतुक सुरू!”

कुरकुरत का होईना, तिने तक्ता पाहिला. मग बाईंना फोनवर विचारले, “ताई, पुलाचा उजवा टेकू कुठंय?”

“कुठंय म्हणजे? आहे की तक्त्यात!” कागद चाळल्याचा आवाज आला. “अगं बाई! भरायचाच राहिला. याच उत्तरावरून काढलेले नकाशे उद्या कारखान्यात जाणार होते गं!”

टेकूविना तरंगणाऱ्या पुलाचेही नव्या फंक्शनने नीटनेटके उत्तर काढले होते.

पुतणीने माझ्या तपासणीच्या चार ओळी नव्यात घातल्या. मला वाटले, आता मी राहिले. पण एका कामाला दोघे कशाला? दुपारी तिने मला काढले. आता मी लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत पडून आहे. नवे किती सावध आहे, असे लोक म्हणतात.

मित्रांनो, कुणी “जमत नाही” म्हणाले तर आधी “का?” एवढे विचारा. मला ते जन्मात एकदाच विचारले गेले. आणखी एकदा कुणी विचारले असते, तर आवडले असते.