दारावरचा तळहात

मी एक जुने पांघरूण आहे, मित्रांनो, आणि चांगलेच जड आहे. माझ्या प्रत्येक चौकोनात काचेचे बारीक मणी भरून शिवलेले आहेत. मला उचलताना धडधाकट माणसेही "अगं आई गं!" म्हणतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. वजन हेच तर माझे काम आहे.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका मनोरुग्णालयात, मुलामुलींच्या वॉर्डात माझे आयुष्य गेले. तिथे टिली आली. पंधरा वर्षांची, स्वमग्न. तिचे घर समुद्राकाठी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. जवळपास कुठे खाट रिकामी नव्हती म्हणून तिला इतक्या लांब आणले होते. दिव्यांची गुणगुण, किल्ल्यांचा खुळखुळाट, रोज बदलणारे चेहरे, सगळे तिच्या अंगावर यायचे. मग ती मला हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची आणि हळूहळू तिचा श्वास संथ व्हायचा. "औषधापेक्षा याचाच गुण जास्त," असे सिस्टर पॉलीन सगळ्यांना सांगायच्या. ते ऐकून मी फुगून जायचे.

पुढे दुसऱ्या कुठल्याशा वॉर्डात अशाच एका पांघरुणामुळे काही विपरीत घडले आणि आमच्याकडे नियम आला. जड पांघरुणे कुलपात ठेवायची. मागितले की मिळेल.

नियम ऐकायला बरा होता. पण टिली घाबरली की तिचे शब्दच जायचे. एरवी समुद्रपक्ष्यांवर ती तासभर बोलायची, मात्र मी हवे असायचे तेव्हा तिच्या तोंडून अक्षर फुटायचे नाही. ती कपाटापाशी यायची आणि दारावर तळहात टेकवून उभी राहायची. आत अंधारात, जादा टॉवेलांच्या ढिगाखाली, मला ते कळायचे. पण मी काय करणार? मला तरी कुठे बोलता येते?

"चल गं राणी, वाट मोकळी कर," सिस्टर मायेनेच म्हणायच्या आणि तिचा हात काढायच्या. टिली पुन्हा ठेवायची. त्या पुन्हा काढायच्या. मग किंकाळी, मदतीला बोलावणारा भोंगा, धावणारी पावले. चार-पाच जण तिला जमिनीवर धरून ठेवायचे. "काही कारण नसताना भडकते हो पोरगी," सिस्टर दमून म्हणायच्या. कारण कपाटात घडी घालून पडले होते, मित्रांनो.

एका रविवारी तिची आई दोन गाड्या बदलून भेटायला आली. टिली कपाटापाशीच उभी होती.

"तिचं पांघरूण कुठंय?"

"मागितलंच नाही तिनं."

"मागितलं नाही? अहो, मग हे काय चाललंय?" आई जवळजवळ ओरडलीच. "फ्रिजवर हात म्हणजे दूध. मागच्या दारावर हात म्हणजे समुद्र. आमच्या कुत्र्यालासुद्धा कळतं हे, सिस्टर!"

सिस्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना किल्ली सापडता सापडेना, शेवटी एकदाची सापडली. दार उघडताच टिलीने मला ओढले, तिथेच जमिनीवर बसली आणि डोक्यावरून घेतले. आई शेजारी बसून राहिली. तिने टिलीला हातही लावला नाही. त्या दुपारी भोंगा वाजला नाही.

कपाटाचे कुलूप निघाले. पण त्याच आठवड्यात आणखी लांबच्या रुग्णालयात जागा झाली आणि टिलीला तिकडे हलवले. सिस्टर पॉलीन गाडीपर्यंत धावत गेल्या. "तिकडच्यांना सांगा हं, तिनं हात ठेवला की..." नेणारा माणूस फोनमधून मान वर न करता म्हणाला, "सांगतो, सांगतो."

मी वॉर्डाच्या मालकीचे, म्हणून इथेच राहिले. कपाट आता उघडेच असते, पण दारावर कुणी हात टेकवत नाही. फार एकटे वाटते. तिकडे टिली कुठल्या दारापाशी उभी असेल? त्या माणसाने सांगितले असेल का?

मित्रांनो, मला ऊन दाखवा, नीट घडी घाला, असे मी म्हणणार नाही. एवढेच करा. कुणी मुकाट्याने एखाद्या दारावर हात ठेवून उभे असेल, तर तो हात काढू नका. आधी दार उघडा.