खिळ्यावरची वही

तुळसाबाईंना फोन मिळाला तो १९७८ साली, सात वर्षं नंबर लावून. लकडगंजच्या लाकूड कापणाऱ्या आरा मशीनांमागच्या त्या गल्लीत दुसरा फोन नव्हता. त्यामुळे वीसेक घरांनी आपल्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर बाईंचाच नंबर टाकला आणि पुढे लिहिलं, पी.पी. म्हणजे फोन शेजारी आहे, निरोप मिळेल.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी गल्लीतली दहा-बारा मुलं त्यांच्या ओसरीवर शिकायला बसत. निरोप घ्यायचं काम त्यांनी मुलांनाच दिलं. ऐकलेलं नीट वाक्यात वहीत उतरवायचं आणि वही दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायची. ज्याने त्याने येऊन आपला निरोप वाचावा. मुलांचं शुद्धलेखन सुधारत होतं आणि बाई खूश होत्या. खिळ्यापाशी कोणी रेंगाळलेलं दिसलं की माणसं वाचायला लागली म्हणून त्यांना बरंच वाटे.

दिवाळीनंतर एकदा उत्तरा नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने लिहिलं : 'सिंधूताईंना वर्ध्याहून शोभाताईंचा निरोप. वसतिगृहात स्वयंपाकाचं काम पक्कं झालं. राहायला खोली आहे. सोमवारी मुलीला घेऊन या.' अक्षर सुरेख होतं. बाईंनी खाली लाल शाईने 'छान' असा शेरा दिला.

निरोप सिंधूच्या आधी तिच्या नवऱ्याने, नत्थूने वाचला. सोमवारी सिंधू गेली नाही. मंगळवारी ती नळावर आली तेव्हा उजव्या मनगटाला प्लास्टर होतं.

त्या संध्याकाळी उत्तराने दप्तर उघडलं नाही. "बाई, मी लिहिलं म्हणून झालं का?"

"तू बरोबर लिहिलं, बेटा. वही तिथं मी टांगली."

बाईंनी खिळा उपटला आणि वही शेगडीत घातली. दुसऱ्या दिवशी मुलांना नवीन रीत शिकवली. निरोप चिठ्ठीवर लिहायचा, घडी करून खळीने चिकटवायचा आणि ज्याचा असेल त्याच्याच हातात द्यायचा.

"तो घरी नसला तर?" मार्तंडने विचारलं. तो चौथीत होता आणि त्याच्याकडे प्रश्न फार असत.

"परत आणायची."

"त्याची माय मागून राहिली असली तर?"

"तरी परत आणायची."

"आन् आग लागली असा निरोप असला तर?"

"तर खळ कालवत बसू नको. ओरडत जा."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. "ज्याच्या जिवाले धोका आहे, त्याले आधी सांगायचं. त्याचा जीव वाचावा म्हणून ज्याची मदत लागते, त्याले सांगायचं. ज्याच्यापासून धोका आहे, त्याले नाही. येवढं ध्यानात ठेवा."

बुधवारी शोभाताईंचा पुन्हा फोन आला. उद्या चार वाजता ट्रंक कॉल लावते, सिंधूशीच बोलायचं आहे. चिठ्ठी बाईंनी स्वतः चिकटवली आणि सिंधूच्या डाव्या हातात दिली. देताना नत्थूने पाहिलं.

रात्र व्हायच्या आत तो मनोहररावांना घेऊन आला. मनोहरराव गल्लीच्या समितीचे अध्यक्ष. बोलणं गोड.

"बाई, जमाना खराब आहे. बायापोरींचे फोन येतात, कोण काय बोलते आपल्याले काय माहीत? समितीनं ठरवलं, यापुढं बायांचा फोन आला की दोन मोठी माणसं जवळ बसतीन. त्यांच्याच सुरक्षेसाठी."

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यापासून सुरू करू. तुमचा फोन आला की मी आन् सिंधू जवळ बसू."

"आमचं काहून? आमचं वेगळं असते."

"काय वेगळं असते?"

मनोहररावांनी टोपी सारखी केली. नत्थू मध्येच बोलला, "बाई, माझी बायको आहे ते. तिची काळजी मले आहे."

"तिच्या हाताले प्लास्टर आहे, नत्थू. तुझी काळजी दिसून राहिली आम्हाले."

"आमी टेलिफोन ऑफिसात अर्ज देऊ," मनोहरराव म्हणाले. आवाजातली साखर आता कमी झाली होती. "फोन कटवून टाकू."

"द्या. पण उद्या चारच्या आधी कटत नाही तो."

गुरुवारी चारला घंटा वाजली. सिंधू आत गेली. बाईंनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसल्या. नत्थू पायऱ्या चढला.

"मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच बाहेर थांब."

तो दाराकडे कान करून उभा राहिला. दार जुनं होतं, फटीतून शब्द येणार होते. बाई मुलांकडे वळल्या.

"एकोणतीसचा पाढा. सगळ्यांनी मिळून. आवाज आरा मशीनपर्यंत गेला पाहिजे."

मुलांनी ओसरी डोक्यावर घेतली. उत्तराचा आवाज सगळ्यांच्या वर होता. एकोणतीस संपला, मग सत्तावीस, मग तेवीस. नत्थू काहीतरी ओरडला, तेही कोणाला ऐकू आलं नाही. बाईंनाही आतलं काही ऐकू येत नव्हतं. तेच त्यांना हवं होतं.

सिंधू बाहेर आली, पदर सारखा केला आणि कोणाकडे न पाहता घरी गेली.

शनिवारी ती मुलीला शाळेत सोडायला म्हणून गेली आणि परतली नाही. नत्थू वर्ध्याला जाऊन आला. वसतिगृहात ती नव्हती. सोमवारी तो मनोहररावांसह ओसरीवर हजर.

"कुठं पाठवली तिले?"

"मी नाही पाठवली. तिची ती गेली."

"फोनवर काय ठरलं?"

"मी बाहेर होती गा. तूही होता."

"आन् माहीत असतं तर?" मनोहररावांनी विचारलं.

"तर सांगितलं नसतं."

मनोहररावांनी खिशातून कागद काढला. फोन बंद करण्याचा अर्ज, खाली नऊ सह्या. बाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला. नवातल्या सहा घरांच्या चिठ्ठ्या त्याच आठवड्यात त्यांनी पोचवल्या होत्या. त्यांनी तो विषय काढला नाही. लाल पेन घेऊन शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.

"आता द्या नेऊन. फोन आहे तोवर चिठ्ठ्या चिकटवूनच जातीन."